‘माझं भ्या कुठं गेलं?’ : आपल्या कथेला स्वतःचा आवाज कसा मिळाला



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. विहाराच्या बांधकामाचा, देणगीदारांचा, बुद्धमूर्ती आणल्याच्या दिवसाचा इतिहास लिहिणारे अनुभवी उपासक आपल्यात आहेतच. आम्ही मात्र एका वेगळ्या इतिहासाकडे वळत आहोत. आपल्या माणसांनी गोष्ट लिहायला कशी सुरुवात केली आणि त्या गोष्टीला स्वतःचा आवाज कसा सापडला, त्याचा हा इतिहास आहे. हा विषय घेण्याला कारण आमच्या हातून झालेली एक चूक. ती आधी कबूल करतो.

मागच्या स्मरणिकेच्या वेळी आम्ही चार-पाच जण वही-पेन घेऊन वस्तीतल्या वृद्ध मंडळींच्या आठवणी गोळा करीत होतो. माणदेशाकडून आलेली एक आजी होती. तिच्या घरातली माणसं १९५६ साली धम्मदीक्षेनंतर कशी बदलली, हे तिला विचारलं. आजी म्हणाली, “देव फडक्यात बांधलं आन् वढ्याला न्हेऊन सोडलं. घरी आले तर कोनाडा मोकळा. रातच्याला तिकडं बघवंना. लई भ्या वाटलं. दुसऱ्या दिशी मामंजींनी तिथं बाबासायबांचा फोटू ठिवला, तवा झोप लागली.”

आम्ही शिकलेली माणसं. घरी येऊन आम्ही ते ‘शुद्ध’ केलं : ‘धम्मदीक्षेनंतर आमच्या कुटुंबाने देवदेवतांचे विसर्जन करून अंधश्रद्धेचा त्याग केला व समतेचा मार्ग स्वीकारला.’ छापून आल्यावर मोठ्या अभिमानाने आजीला वाचून दाखवलं. आजीने ऐकलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “ब्येस हाय. पर हे कुनाचं हाय?” आम्ही म्हटलं, “आजी, तुझंच की.” तर म्हणाली, “मग माझं भ्या कुठं गेलं?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आम्ही छापलेलं वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात आजी नव्हती. तिथं कुणाचंही नाव घातलं असतं तरी चाललं असतं. पिढ्यान् पिढ्यांचे देव एका दिवसात सोडायचे आणि रात्री त्या रिकाम्या कोनाड्यासमोर झोपायचं, याला केवढी हिंमत लागली असेल! ती हिंमत तिच्या भीतीतूनच कळत होती. आम्ही भीती काढली आणि तिच्याबरोबर हिंमतही काढून टाकली.

पुढे दर रविवारी बुद्धवंदनेनंतर आमचा जो वाचनवर्ग भरतो त्यात आम्ही हाच प्रश्न घेऊन आपल्या लेखकांची पुस्तके पुन्हा वाचली. गोष्ट कोण सांगतो, कुणाला सांगतो आणि कुठे उभं राहून सांगतो, हे तीन प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडत आहोत.

मुक्यांची वाचा

आपल्या आवाजाचा इतिहास कथेच्या आधीपासून सुरू होतो. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती महात्मा फुले व सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांचे दुःख तिने मांडले, आणि तेही बाहेरून बघणाऱ्याच्या दयाळू भाषेत नव्हे. ती ज्यांच्याबद्दल बोलत होती त्यांच्यातलीच एक होऊन बोलत होती. हा ‘आम्ही’ पुढे फार कामाला आला.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ पाक्षिक काढले. पत्राच्या नावातच सगळा इतिहास आहे. पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. विलायतेत शिकलेल्या माणसाला अवघड शब्द कमी नव्हते. पण चाळीतल्या कामगाराला डोळ्यांसमोर दिसेल असा मनोरा त्यांनी उभा केला. त्यानंतर १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ आंबेडकरी जलशांनी पोचवली. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातले हलके भाग टाकले आणि बतावणीत सावकार, पाटील, शाळा, पाणवठा आणला. जलशातली पात्रं गावातल्या माणसांसारखीच बोलत. पुढे कथेत जो संवाद आला त्याची तालीम अशी कंदिलाच्या उजेडात झाली, असं आम्हाला वाटतं.

‘जनता’तली गोष्ट

‘जनता’ पत्रात बंधुमाधव गोष्टी लिहीत. त्यांची एक गोष्ट आजही काळजाला भिडते. खळ्यावर राबलेला म्हातारा आजा भाकरी मागतो. त्याच्या वाट्याला शेणामुतात पडलेले, बुरसलेले तुकडे येतात आणि तेच खाऊन तो मरतो. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली संपादित केलेल्या ‘पॉइझन्ड ब्रेड’ या इंग्रजी संग्रहाला नाव मिळाले ते याच गोष्टीवरून.

ही गोष्ट सांगतो कोण? तर त्या म्हाताऱ्याचा नातू. तो शाळेत जाणारा आहे, त्याला हक्क कळतात, पाटलाला उलट उत्तर देण्याचं धाडस त्याच्यात आलं आहे. आज्याचं तोंड बंद आहे आणि नातवाला वाचा फुटली आहे. त्या काळातल्या पुष्कळ कथांची बांधणी अशीच दिसते. निवेदन पुस्तकी मराठीत, आणि आईबाप बोलतात तेवढं बोलीत. या कथांत कधी कधी भाषण येतं, हे मान्य केलं पाहिजे. पण ज्याला हजारो वर्षं बोलू दिलं नाही त्याने पहिल्यांदा तोंड उघडल्यावर आवाज चढणारच. त्यात नवल ते काय?

अण्णाभाऊ आणि शंकरराव

वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२० ते १९६९) शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. मुंबईत गिरणीत राबले, शाहिरी केली, आणि कथा-कादंबऱ्यांचा डोंगर उभा केला. १९५९ साली आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटनही त्यांनीच केलं. पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नसून राबणाऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, हा त्यांचा विचार आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पाहा. खाणीतलं काम सुटलेला भीमा पोटासाठी स्मशानात मढी उकरून सोनं शोधतो. सभ्य वाचकाला किळस यावी असा हा धंदा. पण अण्णाभाऊ नाक मुरडत नाहीत आणि हळहळही व्यक्त करीत नाहीत. अंधार, कोल्हे, भीमाचं बळ, त्याची भूक, एवढंच ते सांगत जातात. वाक्यं छोटी, क्रियापदं धावती, एखाद्या पोवाड्यासारखी. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून भीमाची बोटं जातात आणि त्याच सुमाराला बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होत असल्याची बातमी येते. लेखक उपदेशाचं एकही वाक्य लिहीत नाही. गोष्ट ‘तो’ म्हणून सांगितली आहे, तरी सांगणारा भीमाच्या शेजारी उभा आहे. म्हणजे ‘मी’ लिहिलं तरच आवाज आपला होतो असं नाही. सांगणारा कुणाच्या बाजूला उभा आहे, त्यावर ते ठरतं.

आटपाडीचे शंकरराव खरात (१९२१ ते २००१) यांची तऱ्हा निराळी. ते वकील होते, त्यांनी ‘प्रबुद्ध भारत’चं संपादन केलं, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्यांच्या कथांत आणि ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनात आवाज चढत नाही. कोर्टात साक्ष द्यावी तसं ते सांगतात. कुणाला काय काम पडलं, कोण काय म्हणालं, हातात काय मिळालं. राग वाचणाऱ्याने करायचा. हाही एक आवाजच आहे.

बागुलांचा ‘मी’

१९६३ साली बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला आणि मराठी कथा हादरली. बागुल (१९३० ते २००८) मूळचे नाशिकजवळच्या विहितगावचे, वाढले मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात. त्यांनी रेल्वेत नोकरी केली होती. शीर्षककथेतला तरुणही रेल्वेतल्या कामासाठी परमुलखात जातो. राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि जात उघड झाल्यावर मार खातो.

आमच्या वाचनवर्गातल्या एका मुलाने विचारलं, “यात गावाकडची बोली फारशी नाही. मग हा आपला आवाज कसा?” प्रश्न चांगला होता. बागुलांचं निवेदन बोलीत नाही. वाक्यावर वाक्य रचत, उपमेवर उपमा चढवत ते पेटत जातं. पण जात लपवणाऱ्या माणसाची अवस्था कशी असते? प्रत्येक शब्द तोलायचा, नाव विचारलं की छातीत धस्स व्हायचं, आणि त्याच वेळी आतून स्वाभिमान उसळत राहायचा. ती धडधड त्या वाक्यांत उतरली आहे. बोली म्हणजेच आवाज नव्हे, हे आम्ही इथे शिकलो. चार ‘न्हाय’ आणि दोन ‘व्हय’ घातले की कथा आपली होते असं समजणं ही फसवणूक आहे. शहरात जन्मलेल्या मुलांनी उसनी गावठी बोली आणायचं काहीच कारण नाही. ते ज्या भीतीत आणि ज्या उमेदीत जगतात ती खरी उतरली पाहिजे.

मिलिंद, ‘अस्मितादर्श’ आणि दगडू

आवाज एकट्याने घडत नाही. त्याला ऐकणारा लागतो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाने असे ऐकणारे घडवले. ज्या राजाने भन्ते नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारले त्याचं नाव या विद्यालयाला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्राचार्य म. ना. वानखेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे लिहित्या मुलांना बळ दिलं. १९६७ साली ‘अस्मिता’ नियतकालिक निघालं, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झालं. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके चालवलं. खेड्यापाड्यातून आलेल्या पोराच्या वहीतली कथा ‘अशुद्ध’ म्हणून परत न पाठवणारा संपादक मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती! आमच्यासारख्यांनी आजीच्या बाबतीत जे केलं त्याच्या नेमकं उलट काम या माणसाने आयुष्यभर केलं.

१९७८ साली दया पवार यांचं ‘बलुतं’ आलं. हे आत्मकथन, पण त्याची रचना कादंबरीकारालाही शिकवील अशी आहे. तिथे दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो. माणूस एकच, पण त्याचे दोन तुकडे झालेले. एक महारवाड्यातला आणि कावाखान्यातला, दुसरा शहरातला नोकरदार, पांढरपेशा. दगडू बोलतो आणि दया ऐकतो. आपल्यापैकी कितीजण असे दोन आवाज घेऊन जगतात! ऑफिसात एक, घरी एक. ‘बलुतं’ने हे लपवलं नाही, उलट त्यालाच गोष्ट सांगण्याची रीत केलं. त्यानंतर १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, १९८० साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, १९८४ साली शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ अशी रांगच लागली.

आयाबायांचा आवाज

या साऱ्यात आया, बहिणी, आज्या कुठे होत्या? पुरुषांच्या पुस्तकांत त्या होत्या, पण बहुधा सोसणाऱ्या, रडणाऱ्या. त्या स्वतः बोलू लागल्या तेव्हा चित्र पालटलं.

१९८६ साली शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आलं. त्या शिक्षिका होत्या, त्यांना ‘माझ्या जन्माची’ असं लिहिता येत नव्हतं काय? येत होतं. पण पुस्तकाच्या कपाळावरच त्यांनी आपली बोली मांडली. १९९० साली त्यावर ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिकाही झाली. त्याच १९८६ साली बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आलं. फलटणला छोटं दुकान चालवताना, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, पुड्या बांधायच्या कागदांवर त्या लिहीत आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ते कागद लपवून ठेवत. अशी कैक वर्षं गेली. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहाने ते लिखाण उजेडात आलं. पुस्तकाचं नाव ‘जिणं माझं’ नाही, ‘जिणं आमुचं’ आहे. त्या एकटीचं दुःख सांगत नाहीत, साऱ्या वाड्याचं सांगतात. आणि वाड्याबाहेरचा जुलूम सांगताना घरातल्या पुरुषाचा हातही झाकत नाहीत. १८५५ सालच्या मुक्तेचा ‘आम्ही’ इथे पुन्हा भेटतो.

कथेत हे काम ऊर्मिला पवार यांनी केलं. ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) या त्यांच्या संग्रहांत रत्नागिरीकडची माणसं आहेत आणि शहरात आलेल्या नोकरदार बायकाही आहेत. त्यांच्या ‘कवच’ कथेत आंबे विकणाऱ्या आईला बाजारात पुरुष वाकडे शब्द बोलतात. लहान मुलगा लाजेने मेल्यासारखा होतो, पण आई त्याच भाषेत असा टोला हाणते की बोलणारा गप्प होतो. ज्या बोलण्याला पुस्तकी माणसं अश्लील म्हणतील तेच त्या बाईचं चिलखत आहे. ते काढून सभ्य मराठी घातली असती तर ती आई उघडी पडली असती.

सफाई कुणासाठी?

इथे विनयपिटकातला एक प्रसंग आठवतो. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंना वाटलं, नाना ठिकाणचे लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधून ठेवावं. तथागतांनी त्यांना खडसावलं आणि बुद्धवचन आपल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. इथल्या ‘आपल्या’ या शब्दाचा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी निराळा लावला आहे. पण ज्याची त्याची बोली हाच अर्थ अनेक विद्वान मानतात. थेरीगाथेत पुण्णिका ही पाणी भरणारी दासी स्वतःच्या तोंडाने बोलते. कडाक्याच्या थंडीत मालकिणीच्या धाकाने आपण पाण्यात उतरत होतो, हे ती सांगते आणि पाप धुण्यासाठी नदीत बुडणाऱ्या ब्राह्मणाला प्रश्न विचारते. ती आपली भीती लपवीत नाही, तिच्यातूनच तिचा प्रश्न निघतो. आम्ही मात्र आजीची भीती खोडून टाकली होती.

आम्ही ती का खोडली, याचाही विचार केला. आम्हाला वाटलं, लोक काय म्हणतील? आपली माणसं भित्री होती असं दिसेल. आपली भाषा अशुद्ध दिसेल. शाळेत आमच्या बोलण्याला पोरं हसली होती, ते हसू आमच्या कानात अजून होतं आणि लिहिताना आम्ही त्या हसणाऱ्यांसाठीच लिहीत होतो. गोष्ट आजीची, पण ऐकणारा आम्ही परका निवडला. आवाज हरवतो तो इथे. प्रमाण मराठी शिकूच नये असं आमचं म्हणणं नाही. शिका, उत्तम शिका. बाबासाहेबांनी तर इंग्रजीवर प्रभुत्व मिळवलं. पण नवी भाषा मिळवण्यासाठी आईची भाषा टाकावी लागते, हे कुणी सांगितलं?

तरुण मुलामुलींना

आपल्या वस्तीत लिहू पाहणारी मुलं-मुली आहेत. त्यांना उपदेश नव्हे, आमच्या चुकीतून आलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्या. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, ध्वनिमुद्रण करा. सुधारणा नंतर, आणि त्यांना विचारून.

दुसरी, मोठे शब्द लिहिण्याआधी वस्तू लिहा. ‘अन्याय’ लिहायच्या आधी बुरसलेली भाकरी लिहा, ‘परिवर्तन’ लिहायच्या आधी मोकळा कोनाडा लिहा.

तिसरी, घरातलं झाकू नका. दारू, बायकोवरचा हात, पोटजातींतला भेद, हेही आपल्याच गोष्टीत आहे. फक्त दुसऱ्याकडे बोट दाखवणारा आवाज लवकर पोकळ होतो.

चौथी, लिहिलेलं आधी ज्याची गोष्ट आहे त्याला वाचून दाखवा. तो म्हणाला, “हे माझंच हाय,” तर पुढे जा. तो म्हणाला, “हे कुनाचं हाय?” तर पान फाडा आणि पुन्हा बसा.

आजी आता आपल्यात नाही. तिने त्या दुपारी तासभर सांगितलं होतं, पण ‘शुद्ध’ मजकूर तयार झाल्यावर आम्ही वहीची ती कच्ची पानं रद्दीत घातली. या लेखाच्या सुरुवातीला दिलेली पाच-सहा वाक्यंच आठवणीत राहिली, बाकीचं गेलं. वढा कोणता, फडकं कसलं, देव किती होते, मामंजी काय बोलले, हे आता सांगणारं कुणी नाही. तेव्हा वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या आजीजवळ, आईजवळ, मामंजींजवळ बसा. विचारा आणि ऐका. पुढच्या स्मरणिकेसाठी तो मजकूर आमच्याकडे द्या. आम्ही शब्दन् शब्द तसाच छापू, त्यांच्या भीतीसकट.

जयभीम!